जुन्या पिकअपचे शॉकअप बदलताना: आधी गाडी मोजा, मग दुकानात जा

सेकंडहँड पिकअप घेतली की थोड्याच दिवसांत बहुतेकांच्या लक्षात येतं, मागचे शॉकअप गेलेत. रिकामी गाडी खड्ड्यातून गेली की हौदा उडतो, घाटात ब्रेक लावला की मागची चाकं रस्ता सोडतात, आणि खालून कुठून तरी खडखड येत राहते. मग माणूस दुकानात जातो, मॉडेल आणि साल सांगतो, नवी जोडी मिळते, संध्याकाळपर्यंत बसतेही. आणि काही महिन्यांत पुन्हा तेल गळायला लागतं, नाहीतर खालचा डोळाच, म्हणजे बोल्ट जातो ती कडी, तुटतो. बऱ्याचदा यात शॉकअपचा काही दोष नसतो. ती जोडी कंपनीतून निघालेल्या गाडीच्या मापाने बनलेली असते, आणि तुमच्या दारात उभी असलेली गाडी त्या मापाची राहिलेली नसते.

आपल्याकडे पिकअप मूळ रूपात क्वचितच राहते. नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, कोकणातून वर येणारी मासळी, असा माल वाहणाऱ्या गाड्यांच्या कमानीत, म्हणजे लोखंडी पाट्यांच्या थरांनी बनलेल्या स्प्रिंगमध्ये, जादा पाटे वाढवलेले असतात. कुठे शॅकल, म्हणजे कमानीचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या, लांब केलेले असतात, कुठे एक्सल आणि कमानीच्या मध्ये ठोकळा घातलेला असतो, कुठे शॉकअप ज्यावर अडकतो तो पाया तुटला म्हणून दोन इंच बाजूला वेल्डिंग केलेलं असतं. यातलं काहीही आरसी बुकात नसतं. विकणाऱ्यालाही माहीत असेलच असं नाही, कारण गाडी त्याच्याकडेही दुसऱ्याकडूनच आलेली असते.

म्हणून ही माहिती पहिल्यांदाच स्वतः हात घालणाऱ्यांसाठी देतो आहे. काम अवघड नाही. नट-बोल्ट सोडण्यापेक्षा त्याआधीचं बघणं आणि मोजणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि या लेखातही जास्त जागा त्यालाच दिली आहे.

शॉकअपचं काम नेमकं काय

वजन कमान उचलते, शॉकअप नाही. चाक वर गेलं की कमान दबते आणि सुटताना पुन्हा पुन्हा हेलकावे घेते. हे हेलकावे मारायचे एवढंच शॉकअपचं काम. आतल्या पिस्टनमधल्या बारीक वाटांतून तेल जबरदस्तीने ढकललं जातं, हालचालीची ताकद उष्णतेत जाते, आणि चाक रस्त्याला धरून राहतं. याचा सरळ अर्थ असा, की मागून खाली बसलेली गाडी नव्या शॉकअपने वर येणार नाही. ती कमानीची तक्रार आहे. आणि पाटे वाढवल्यामुळे रिकामी गाडी दगडासारखी आदळत असेल, तर कितीही महाग शॉकअप घातले तरी ती मऊ होणार नाही.

खरंच शॉकअप गेलेत का

कारच्या बॉनेटवर दाब देऊन सोडायचा आणि गाडी किती वेळा डोलते ते बघायचं, ही परीक्षा पिकअपच्या मागच्या बाजूला फारशी चालत नाही. कमान इतकी कडक असते, की माणसाच्या वजनाने ती दबतच नाही. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेही हेलकावा मरतो, त्यामुळे पूर्ण मेलेला शॉकअपही चांगला वाटू शकतो.

त्याऐवजी हे बघा. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलंय का? नुसता धुळकट ओलसरपणा चालतो. तेल ओघळून खाली धूळ-मातीचा थर जमला असेल तर सील गेलंय. टायरवर हात फिरवा. गोलाईत थोड्या थोड्या अंतराने खोलगट झिजेचे चट्टे लागत असतील तर ते चाक उडतंय. डोळ्यातलं रबर फाटलंय का, खिळखिळं झालंय का, तेही बघा. खडखड बरेचदा तिथूनच येते आणि शॉकअपचं पोट अजून ठीक असतं.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती गरम-थंडची परीक्षा. आठ-दहा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवा, थांबवा आणि लगेच चारही शॉकअपच्या जवळ हात नेऊन मग अलगद लावून बघा. काम करणारा शॉकअप कोमट ते गरम असतो. एकाच एक्सलवरचा एक गरम आणि दुसरा थंडगार असेल, तर थंडगार असलेला मेलाय. सायलेन्सरच्या बाजूचा शॉकअप त्या आचेनेही तापतो, तेवढं ध्यानात ठेवा.

बदलायचे तर एका एक्सलवरचे दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना अशी गाडी ब्रेक लावताना एका अंगाला ओढ घेते.

आधी कोणी काय केलंय ते शोधा

गाडी सपाट सिमेंटच्या जागी, रिकामी, नेहमीच्या हवेवर उभी करा. बॅटरी, टेप, तारेचा ब्रश, खडू आणि वही घ्या. खालचा चिखल धुऊन वाळल्यावरच हे करा, कारण निम्म्या गोष्टी चिखलाखालीच असतात.

पहिलं माप उंचीचं. जमिनीपासून मोजू नका, टायर बदललेला असला तर ते फसवतं. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या किंवा हौद्याच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांचं. डाव्या-उजव्यात अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर थांबा. एका बाजूचा पाटा तुटलेला किंवा बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो आधी दुरुस्त झाल्याशिवाय पुढची कुठलीच मापं उपयोगाची नाहीत.

मग कमान. दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळी संख्या असलेल्या गाड्याही रस्त्यावर असतात. वाढवलेला पाटा ओळखू येतो. त्याचा गंज किंवा रंग वेगळा असतो, टोकं गॅसने कापल्यासारखी ओबडधोबड असतात, जाडी किंवा रुंदी थोडी निराळी असते, आणि क्लिपच्या पट्टीत तो मावलेला नसतो. कमान एक्सलला आवळून धरणारे यू बोल्टही बघा. नटाच्या खाली आटे खूप बाहेर आले असतील किंवा बोल्ट बाकी गाडीपेक्षा नवे दिसत असतील, तर कमान कधीतरी खोलली गेली आहे.

एक्सल आणि कमानीच्या मध्ये लोखंडी ठोकळा आहे का ते बघा. मागे असेल तर तो कशाचा आहे आणि पाटे मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टच्या खाचेत नीट बसलाय का ते तपासा. पुढच्या एक्सलला ठोकळा आढळला तर माझं मत स्पष्ट आहे: तो काढल्याशिवाय गाडी मालाला लावू नका. ब्रेक लावताना पुढच्या एक्सलवर जो पीळ येतो तो ठोकळा वाढवतो, आणि तिथे तो निसटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

शॅकलची लांबी दोन्ही बाजूंनी मोजा. घरगुती कापून केलेली पट्टी फॅक्टरीच्या पट्टीसारखी दिसत नाही, तिच्या कडा बघा.

त्यानंतर शॉकअपचे वरचे आणि खालचे पाये. मूळ वेल्डिंग आणि नंतरचं वेल्डिंग वेगळं दिसतं. पाया सरकवलेला असेल, मध्ये लांबवणीची पट्टी लावलेली असेल, किंवा दोन बाजूंचे शॉकअप वेगवेगळ्या कोनात झुकलेले असतील तर लिहून ठेवा. सध्या लागलेला शॉकअपच दुसऱ्या गाडीचा असू शकतो. त्यावरचा नंबर पुसट असला तरी साफ करून वहीत उतरवा, पण त्यावरून नवी जोडी मागवू नका. जो बसवला गेला तो बरोबर होता, असं धरून चालायला काहीच आधार नाही.

बंप स्टॉप, म्हणजे एक्सल पूर्ण वर आला की ज्या रबरावर टेकतो ते. जुन्या पिकअपमध्ये हे तुटलेलं, कापलेलं किंवा पार गायब असतं. ते नसेल तर एक्सलला अडवणारं काही उरत नाही, आणि तो मार शॉकअपच्या आतल्या बुडावर बसतो. नव्या शॉकअपचा जीव जाण्याचं हे एक फार नेहमीचं कारण आहे. रबर स्वस्त आहे. आधी ते लावा.

आणि एक गोष्ट, जी बहुतेक जण बघतच नाहीत. बऱ्याच पिकअपमध्ये चेसिसवर ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून एक दांडी मागच्या एक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की एक्सल आणि चेसिसमधलं अंतर कमी होतं, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. पाटे वाढवले की माल भरूनही हे अंतर हवं तेवढं कमी होत नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणजे आदल्या मालकाने ताकद वाढवायला म्हणून जे केलं, त्याने भरल्या गाडीचे ब्रेक कमी केले. दांडी तारेने बांधलेली, वाकवलेली किंवा सुटून लोंबणारी दिसली, तर शॉकअपच्या आधी ब्रेकवाल्याकडे जा. माळशेज किंवा आंबा घाट भरल्या गाडीने उतरणाऱ्याने हे हलक्यात घेऊ नये.

पुढची बाजू गाडीगणिक वेगळी असते. काहींना पुढेही आडवा एक्सल आणि कमान असते, काहींना विशबोन, म्हणजे चाक धरणारे दुबेळके आर्म, आणि कॉइल स्प्रिंग. इसुझू डी-मॅक्सला पुढे कॉइल आणि मागे कमान आहे. काही गाड्यांना टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, असतो, आणि त्याचा बोल्ट आवळून पुढची उंची वाढवलेली असते. दोन्ही बाजूंच्या बोल्टचे बाहेर आलेले आटे मोजले की ते लक्षात येतं. कॉइलच्या वर रबराची किंवा लोखंडाची जादा चकती असेल तर तीही नोंदवा.

पाटे ठेवायचे की काढायचे

शॉकअपची मापं घ्यायच्या आधी हा निर्णय घ्या. पाटा काढला तर सगळी मापं बदलतात.

माझा सल्ला असा: तुमचा माल कंपनीने दिलेल्या वजनात बसत असेल तर कमान मूळ रूपात आणा. कमानीचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे नेऊन जादा पाटे काढा, बसलेल्या पाट्यांना बाक द्या किंवा नवे घाला, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे टाका. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा वापरणं धोक्याचं. असं केलं की कंपनीच्या मापाचा शॉकअप सरळ बसतो, ब्रेकचा व्हॉल्व्ह नीट चालतो आणि रिकाम्या गाडीत बसणाऱ्यांच्या पाठीही वाचतात. पाटा वाढवल्याने गाडीचं कायदेशीर वजन वाढत नाही. आरसीवरचं एकूण वजन तेच राहतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा आहे. शिवाय याच कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलात मनाने बदल करायला मनाई करतं.

काही कारणाने कमान आहे तशीच ठेवायची असेल, तर पुढची मोजणी अजिबात टाळता येणार नाही.

तीन मापं

तिन्ही मापं शॉकअपच्या वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत घ्यायची, आणि शॉकअप ज्या तिरक्या रेषेत बसलाय त्याच रेषेत. वर डोळ्याऐवजी आट्यांचा दांडा असेल तर रबरी वॉशर ज्या पत्र्यावर टेकतो तिथपासून मोजा, आणि दुकानातही तसंच सांगा.

पहिलं माप: गाडी रिकामी, चाकांवर उभी.

दुसरं माप: एक्सल पूर्ण लोंबल्यावर. पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी लाकडी ठोकळे लावा, गिअर टाका. पण हँडब्रेकवर किंवा गिअरवर भिस्त ठेवू नका, बहुतेक पिकअपमध्ये दोन्ही मागच्या चाकांनाच धरतात आणि तीच तुम्ही उचलणार आहात. जॅक लावून चेसिस उचला आणि चेसिसखाली दोन्ही बाजूंना मजबूत घोड्या (जॅक स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक चालत नाहीत, ते न सांगता फुटतात. जमीन मातीची असेल तर हे काम तिथे करूच नका.

आता दुसरा जॅक एक्सलखाली टेकवून ठेवा, शॉकअपचं एक टोक दोन्ही बाजूंना सोडा आणि एक्सल अगदी हळूहळू खाली सोडत जा. जॅक काढून घ्यायचा नाही. सोडताना नजर ब्रेकच्या रबरी पाइपवर. उंच केलेल्या गाडीत तो पाइप बऱ्याचदा मूळ लांबीचाच असतो, आणि आतापर्यंत जुना शॉकअपच एक्सलला खाली जाण्यापासून अडवत असतो. तो सोडला की सगळा ताण पाइपवर येतो. हँडब्रेकची केबल आणि प्रोपेलर शाफ्टचे सांधेही बघा. पाइप ताणायला लागला तर तिथेच थांबा. तुमच्या गाडीला शॉकअपपेक्षा आधी लांब पाइपची गरज आहे. सगळं सैल असेल तर कमानीतला ताण सुटेपर्यंत सोडा आणि दोन्ही बाजूंचं माप घ्या.

पुढे कॉइल किंवा टॉर्शन बार असेल तर ही पद्धत नवख्याने वापरू नये. तिथे काही गाड्यांत शॉकअपच आर्मला धरून ठेवतो. आर्मखाली आधार न देता तो सोडला तर दबलेली स्प्रिंग जोरात सुटते. पुढची बाजू अशी असेल तर तेवढं काम मिस्त्रीकडून करून घ्या.

तिसरं माप: पूर्ण दबल्यावरचं. हे हिशेबाने काढायचं. गाडी परत चाकांवर आली की एक्सलचा टेकणारा भाग आणि बंप स्टॉपचं रबर यांतलं अंतर मोजा. रबर स्वतःही दबतं, म्हणून त्याची निम्मी उंची त्यात मिळवा. एवढं एक्सल वर जाऊ शकतो. शॉकअप तिरका असल्याने प्रत्यक्षात तो थोडा कमी दबतो, पण हिशेब पूर्ण धरा, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होईल.

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे वेगळे येतील. उभ्या गाडीचं माप ४४० मिलिमीटर. लोंबलेलं ५१०. रबरापर्यंतचं अंतर ५५, रबराची उंची ५०, तिचे निम्मे २५. म्हणजे एक्सल ८० मिलिमीटर वर जाणार, आणि शॉकअप ४४० वजा ८०, म्हणजे ३६० पर्यंत दबणार. आता दोन्ही टोकांना १५ मिलिमीटरची मोकळीक द्या. पूर्ण ताणल्यावर किमान ५२५ लांब होणारा आणि पूर्ण दबल्यावर ३४५ किंवा त्याहून आखूड होणारा शॉकअप तुम्हाला हवा.

यामागचं तत्त्व एवढंच, की शॉकअप हा गाडीचा शेवटचा अडसर होऊ नये. वर जाताना एक्सल रबराने थांबवावा, खाली येताना कमानीने. ताणल्यावर आखूड पडणारा शॉकअप प्रत्येक खड्ड्यात हिसका खातो, त्याचे डोळे तुटतात, वेल्डिंग उघडतं. दबल्यावर लांब पडणारा आतून फुटतो, नाहीतर वरचा पाया चेसिसपासून फाडतो. उंच केलेल्या गाडीला नुसता लांब शॉकअप दिला की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. लांब शॉकअप दबल्यावरही लांबच राहतो, हे तिथे सुटतं.

दुकानात

वहीत आता दोन लांब्या आहेत. त्यांच्या जोडीला डोळ्याच्या भोकाचा व्यास, बुशची (डोळ्यातल्या रबर आणि नळीची) रुंदी, आणि वर-खाली डोळा आहे की दांडा, हे लिहा. शक्य असेल तर जुना शॉकअप सोबत न्या. दुकानदाराला मॉडेल सांगा, पण लांबीचा आग्रह धरा. नवा शॉकअप टेपने मोजू द्या म्हणून सांगा. नावाजलेल्या कंपन्यांच्या यादीत पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दबलेली लांबी दिलेली असते. गॅब्रिएल ही १९६१ पासूनची आपल्याकडची जुनी कंपनी आहे, चाकणला त्यांचा कारखाना आहे, आणि त्यांचा माल तालुक्याच्या गावीही मिळतो. कोणतीही कंपनी घ्या, पण पक्कं बिल आणि शाबूत खोकं असल्याशिवाय घेऊ नका.

जुन्या शॉकअपला भोक पाडून, तेल भरून, वेल्डिंग करून देणारेही भेटतील. ते घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. आतलं सील तेच झिजलेलं असतं, तेल कुठल्या जातीचं ते कोणी सांगत नाही, आणि पहिले काही दिवस चांगलं वाटतं म्हणून माणूस त्याच भरवशावर घाटात जातो.

कडकपणाचं काय? पाटे जास्त असतील तर कमान सुटताना जास्त जोराने सुटते, म्हणून शॉकअपला ताणतानाचा विरोध थोडा जास्त हवा. हेवी ड्युटी जातीत तो मिळतो. पण सगळ्यात कडक तो सगळ्यात चांगला, असं नाही. फार कडक शॉकअप चाकाला खड्ड्यात उतरूच देत नाही. नवख्याने आधी लांबी जुळवावी आणि कडकपणा नेहमीच्या किंवा एक पायरी वरच्या जातीचा घ्यावा.

सोडणं

आदल्या रात्री सगळे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी पुन्हा मारा. किनाऱ्यावरच्या, विशेषतः मासळी वाहिलेल्या गाड्यांत हौद्यातून गळणारं खारं पाणी थेट मागच्या पायांवर पडतं. तिथे बोल्ट तुटणार असं धरूनच नवे बोल्ट, नट आणि वॉशर आणून ठेवा.

मागे कमान असेल तर सोडण्यासाठी गाडी उचलायची गरज नाही. वजन चाकांवर आहे, शॉकअप काढल्याने काही हलत नाही. पिकअपखाली तेवढी जागा मिळते. चाकांना ठोकळे लावा, डोळ्यांवर चष्मा घाला, गंजाचे कण थेट डोळ्यांतच पडतात.

आधी खालचा नट, मग वरचा. रिंग पाना किंवा सॉकेट वापरा, फिक्स पान्याने गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात. वरच्या दांड्यासकट सगळंच फिरत असेल तर दांड्याच्या टोकाला चपटं केलेलं असतं, ते छोट्या पान्याने धरा. बुशची नळी पिनेवर चिकटली असेल तर रबर कापून काढा आणि नळी छिन्नीने अलगद उकला.

गॅसच्या ज्योतीने तापवायचा मोह होईल. करू नका. गॅस भरलेला शॉकअप तापून फुटतो, आणि ब्रेकचे पाइप हातभर अंतरावर असतात. ग्राइंडरने नट कापावाच लागला तर ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप ओल्या गोणपाटाने झाका आणि पाण्याची बादली जवळ ठेवा.

निघालेल्या जागेची पिन सरळ आहे का बघा. वाकलेली पिन नवा बुश काही आठवड्यांत खाते.

बसवणं

नवा शॉकअप खोक्यात आडवा पडलेला असतो, आतली हवा आणि तेल मिसळलेलं असतं. तो गाडीवर बसेल तसा उभा धरा, पूर्ण ताणा, पूर्ण दाबा, असं चार-पाच वेळा करा. सुरुवातीला मध्येच पोकळ लागेल, मग सगळीकडे सारखा विरोध लागायला लागेल. त्यानंतर बसवेपर्यंत आडवा करू नका. गॅसचा असेल तर त्याला दाबून धरणारी पट्टी कापल्यावर तो आपोआप लांबतो, म्हणून आधी वरचं टोक अडकवा, मग पट्टी कापा. नेहमीच्या दोन नळ्यांच्या शॉकअपचं तेलाचं पोट खाली आणि दांडा वर, हीच दिशा. चकचकीत दांडा पकडीने कधीही धरू नका. त्यावर एक ओरखडा पडला तरी सील कापलं जातं.

वॉशर आणि रबरं खोक्यातल्या चित्राप्रमाणे लावा. वाटीसारख्या वॉशरची कोणती बाजू रबराकडे, तेही त्या चित्रातच बघा. आट्यांच्या दांड्याचा नट रबर फुगून वॉशरच्या कडेइतकं रुंद होईपर्यंत आवळा, त्यापुढे नाही, आणि वर लॉक नट द्या.

डोळ्यांचे बोल्ट आधी हातानेच लावा. पक्के आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. डोळ्यातलं रबर नळीला चिकटवलेलं असतं. एक्सल लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली आली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी वर्षभर मालावरच असते अशांनी निम्मा माल भरून शेवटचं आवळलं तर आणखी चांगलं. किती आवळायचं तो आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्या आणि टॉर्क पाना वापरा.

रस्त्यावर नेण्याआधी आणि नंतर

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पुढचा टायर किंवा ब्रेकचा पाइप शॉकअपला घासतोय का ते बघा. मागे सायलेन्सरपासून बोटभर तरी अंतर हवं.

मग बंप स्टॉपच्या रबरावर मळलेल्या कणकेचा चपटा गोळा चिकटवा. शॉकअपचा दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर, पोटाला टेकून, एक बारीक प्लॅस्टिकची टायही सरकेल पण आपोआप खाली घसरणार नाही इतपत बांधा. नेहमीचा माल भरा आणि ओळखीच्या खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर सावकाश फिरून या. कणीक दबली असेल आणि टाय दांड्याच्या वरच्या टोकाला टेकलेली नसेल, तर एक्सल रबरावर थांबतोय आणि शॉकअपला जागा उरते आहे. मोजणी बरोबर आली. टाय पार वरच्या टोकाला पोचली असेल तर शॉकअप लांब पडतोय. तो तसाच चालवू नका, बदलून घ्या.

मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात एकदा जोरात ब्रेक लावून बघा. गाडी सरळ थांबली पाहिजे. पुढची उंची बदलली असेल तर अलाइनमेंट करून घ्या, मागची बदलली असेल तर हेडलाइटचा झोत तपासा.

पहिले ५०० किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा आवळा. वाढवलेले किंवा बदललेले पाटे असतील तर यू बोल्टही याच वेळी आवळायचे, नवी कमान बसताना ते सैल पडतात. तोपर्यंत जुनी जोडी टाकू नका, मापासाठी ती हाताशी असू द्या. नंतर भंगारात देताना गॅसचा शॉकअप आहे हे सांगून द्या. तो स्वतः कापायचा किंवा भोक पाडायचा नाही. आणि जुन्या शॉकअपमधून गळलेलं तेल शेतात किंवा गटारात न ओतता गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात घाला.